हिशोब बरोबर, पाणी चुकलेलं: समीकरण संतुलनाचं एक प्रकरण

वणी तालुक्यातल्या एका गावातली ही दहावीची मुलगी. नाव, गाव, शाळा मुद्दाम देत नाही. घरी कापूस-सोयाबीनची शेती, मामा राजूरच्या बाजूला चुन्याच्या भट्टीवर कामाला. गणितात ती हुशार आहे. लसावि, गुणोत्तर, दोन चलांतली एकसामयिक समीकरणं फळ्यापाशी येऊन सोडवते आणि मागच्या बाकावरच्यांना समजावूनही देते. हीच मुलगी विज्ञान भाग १ च्या तिसऱ्या पाठात, 'रासायनिक अभिक्रिया व समीकरणे' इथे, अडकून बसली. 'समीकरण संतुलित करा', म्हणजे प्रत्येक मूलद्रव्याचे अणू दोन्ही बाजूंना सारखे करा, असा प्रश्न आला की कधी पूर्ण गुण, कधी शून्य. मधलं काहीच नाही.

मी तिची विज्ञानाची शिक्षिका. अशा मुलांना आपल्याकडे एकच उपाय सांगितला जातो, तो म्हणजे सराव वाढव. या मुलीच्या वहीत सरावाला तोटा नव्हता. शिकवणीत मिळालेली समीकरणांची लांबलचक यादी तिनं सुवाच्य अक्षरात पुन्हा पुन्हा लिहून काढली होती. तरी गाडी पुढे सरकत नव्हती, आणि 'मले केमिस्ट्री जमतच नाही' हे तिनं स्वतःपुरतं ठरवून टाकलं होतं. दहावीतल्या मुलीनं हे ठरवलं की अकरावीला विज्ञान शाखेचं दार तिच्यापुरतं बंद होतं. म्हणून हे प्रकरण मला महत्त्वाचं वाटलं.

वहीत काय होतं

वही घरी नेली आणि बरोबर-चूक असं न बघता, चूक कुठल्या जातीची आहे हे बघत बसले. बरोबर आलेली समीकरणं दोन प्रकारची होती. काही तोंडपाठ होती. नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून अमोनियाचं 'एक, तीन, दोन' तिला झोपेतून उठवून विचारलं तरी आलं असतं. काही समीकरणं मुळातच संतुलित होती, त्यांत करण्यासारखं काही नव्हतंच. उरलेली सगळी चुकलेली, आणि सगळी एकाच पद्धतीनं चुकलेली. ही तीन बघा (एच म्हणजे हायड्रोजन, ओ ऑक्सिजन, एमजी मॅग्नेशिअम, एएल अॅल्युमिनिअम):

एच₂ + ओ₂ → एच₂ओ₂

एमजी + ओ₂ → एमजीओ₂

एएल₂ + ओ₃ → एएल₂ओ₃

प्रत्येकाखाली पाठ्यपुस्तकात असतो तसा तक्ता आखलेला: डावीकडे अभिकारकांतले अणू, उजवीकडे उत्पादितांतले अणू. हायड्रोजन दोन, दोन. ऑक्सिजन दोन, दोन. पुढे बरोबरची खूण. तक्ता तपासला तर एकही चूक सापडत नाही. अॅल्युमिनिअमच्या समीकरणात तर तिनं उजवी बाजू तशीच ठेवून डावी बाजू तिच्याशी जुळवून घेतली होती. ओ₃ लिहिल्यावर आपण ऑक्सिजनचा ओझोन केला, हे तिच्या गावीही नव्हतं.

तिला विचारलं, "पाण्याचं असं का केलंस?"

"ऑक्सिजन कमी पडत होता जी मॅडम. म्हणून एक वाढवला."

"मग हे पाणीच राहिलं का?"

"हाव, पाणीच तं हाय. ऑक्सिजन जास्त हाय थोडा."

या उत्तरावर मी बराच विचार केला. आपण वर्गात संतुलन शिकवताना एकच नियम सांगत राहतो: अभिक्रियेत अणू नवे तयार होत नाहीत, नाहीसेही होत नाहीत. याच्या मुळाशी फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिएनं १७८९ च्या आपल्या ग्रंथात मांडलेलं द्रव्याच्या अक्षय्यतेचं तत्त्व. पण या मुलीनं ते तत्त्व कुठेच मोडलेलं नाही. तिच्या प्रत्येक समीकरणात दोन्हीकडचे अणू सारखे आहेत. तिनं मोडला तो दुसरा नियम, प्रूस्त या रसायनशास्त्रज्ञाचा, स्थिर प्रमाणाचा. पाणी विहिरीतलं असो की वर्धा नदीचं, त्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन वस्तुमानानं १:८ याच प्रमाणात असतात. प्रमाण १:१६ झालं की ते 'थोडा जास्त ऑक्सिजन असलेलं पाणी' राहत नाही, तो वेगळाच पदार्थ होतो. हे दोन्ही नियम नववीच्या 'द्रव्याचे मोजमाप' या पाठात शेजारी शेजारी आहेत. दहावीत समीकरणं सुरू झाली की पहिला रोज आठवला जातो आणि दुसऱ्याचं नाव निघत नाही. संतुलन दोन्हींवर उभं आहे. मग जो नियम मुलगी आधीपासून पाळते आहे तोच तिला आणखी दहा वेळा सांगून काय होणार?

चित्र काढायला सांगितल्यावर

खात्री करून घ्यायची होती म्हणून तिला समीकरण न देता फक्त '२एच₂ओ' एवढं लिहून दिलं आणि म्हटलं, यात जे काही आहे त्याचं चित्र काढ, छोटा गोल हायड्रोजन, मोठा गोल ऑक्सिजन. तिनं न अडखळता चार छोटे गोल एका ओळीत काढले, खाली दोन मोठे गोल काढले आणि पेन ठेवलं. मोजणी अचूक होती. पण पाण्याचे दोन रेणू त्या चित्रात कुठेच नव्हते. कोण कोणाला धरून आहे याला तिच्या लेखी काही अर्थच नव्हता. सूत्राच्या पुढचा मोठा आकडा आणि अक्षराच्या पायाशी असलेला छोटा आकडा, दोन्ही एकूण बेरजेत भर घालणारे आकडे, म्हणून तिच्यासाठी सारखेच. मग जो सोयीचा पडेल तो बदलायला हरकत काय? तिच्या दृष्टीनं तिचं वागणं पूर्ण सुसंगत होतं.

इथे त्या तक्त्याबद्दल माझं स्पष्ट मत सांगते. अणूंची संख्या दोन्हीकडे मांडणारा तक्ता शेवटच्या तपासणीला उत्तम आहे. पहिली पायरी म्हणून तो घातक आहे. तक्त्यात रेणू विरघळून जातो आणि फक्त बेरीज उरते. ज्या मुलाच्या डोक्यात रेणू आधीपासून पक्का आहे त्याचं काही बिघडत नाही. ज्याच्या डोक्यात तो नाही, त्याला तक्ता सांगतो की बेरीज जुळली म्हणजे काम झालं. गणितात चांगल्या असलेल्या मुलांना हा धोका जास्त, कारण बेरीज जुळवणं त्यांच्या हातचा मळ असतो.

हरभरे आणि वाटाणे

तक्ता काही दिवस बंद केला. समीकरणंही बंद. रात्रभर भिजवलेले हरभरे, भिजवलेले वाटाणे आणि झाडूच्या काड्यांचे तुकडे, एवढंच साहित्य. हरभरा म्हणजे हायड्रोजन, वाटाणा म्हणजे ऑक्सिजन. दोन हरभरे एका काडीनं जोडले की एच₂, दोन वाटाणे दोन काड्यांनी जोडले की ओ₂, एका वाटाण्याला दोन हरभरे की पाणी. अटी तीनच: सुरुवातीला घ्यायचे ते पूर्ण रेणू. शेवटी तयार व्हायचे तेही पूर्ण रेणू. आणि ताटात सुटा दाणा उरता कामा नये.

तिनं एक हायड्रोजन घेतला, एक ऑक्सिजन घेतला, काड्या सोडवल्या आणि पाणी जोडलं. एक वाटाणा हातात राहिला.

"हा कुठं ठेवू जी?"

मी काही बोलले नाही. तिनं तो उलटसुलट केला, ताटात ठेवला, अट आठवून पुन्हा उचलला. मग तिनं वहीत जे करत आली होती तेच केलं: पाण्याच्या रेणूतली एक काडी काढून तो वाटाणा मध्ये बसवला. हरभरा, वाटाणा, वाटाणा, हरभरा. "झालं."

याच घडीसाठी मी मेडिकलमधून हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली आणून ठेवली होती. जखम धुवायला वापरतात तेच, ६ टक्क्यांचं, बाटलीवर '२० व्हॉल्यूम' लिहिलेलं असतं. तिनं आत्ता बनवलेल्या रेणूचं नाव हेच, एच₂ओ₂. काचेच्या एका ग्लासात साधं पाणी घेतलं, दुसऱ्यात पेरॉक्साइड, आणि दोन्हींत कच्च्या बटाट्याची एकेक फोड टाकली. पाण्यातली फोड तळाशी स्वस्थ पडून राहिली. पेरॉक्साइडमधली फोड बुडबुड्यांनी माखली, पांढरा फेस वर चढला. अगरबत्ती पेटवून ज्योत विझवली आणि निखाऱ्याचं टोक फेसाच्या लगेच वर धरलं, तसा निखारा लखलखला. बटाट्यातल्या विकरामुळे पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन होतो, त्या ऑक्सिजनचा हा प्रताप. (वर्गात करणार असाल तर पेरॉक्साइड बोटांना लागू देऊ नका, आणि हात लगेच धुवायला पाणी जवळ ठेवा.)

"हे पिता येईल का?" मी विचारलं.

"नाही जी!" ती मागे सरकली. आणि थोड्या वेळानं स्वतःच म्हणाली, "म्हणजे खालचा आकडा बदलला का वस्तूच बदलते."

मग तिनं आधीचा रेणू मोडला, वाटाणा पुन्हा हातात घेतला आणि दोन नवे हरभरे जोडून आणखी एक हायड्रोजन केला. पाण्याचे दोन रेणू झाले, ताट रिकामं झालं. समीकरण तिनं नंतर लिहिलं:

२एच₂ + ओ₂ → २एच₂ओ

हे '२' तिला कोणी सांगितलेले नव्हते. उरलेल्या एका वाटाण्यापायी ते आले होते.

पायातला आकडा किती नाजूक, याचं वणीकडे तर घरोघरी उदाहरण आहे. कोळशाच्या खाणींचा हा भाग, थंडीत शिगडी पेटते. हवा भरपूर असेल तर कोळशातल्या कार्बनचा सीओ₂ होतो. दारं-खिडक्या लावून शिगडी खोलीत ठेवली तर हवा अपुरी पडते आणि सीओ, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, तयार होऊ लागतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट धरून बसतो. झोपेतच माणूस जातो. एका पायातल्या आकड्याचा फरक. हे मी सगळ्या वर्गाला सांगितलं, कारण हे परीक्षेपुरतं नाही.

पोत्यावरचे आकडे

पुढच्या आठवड्यात मॅग्नेशिअमचं समीकरण करताना ती एकदम म्हणाली, "मॅडम, हे तं खतासारखं हाय. १०:२६:२६ च्या पोत्यावर जे छापलं ते आपण बदलवू शकत नाही. कमी पडलं तर पोतं वाढवा लागते."

तिच्या तोंडून हे ऐकून मला फार आनंद झाला. पायातला आकडा कंपनीनं पोत्यावर छापलेला, पुढचा आकडा म्हणजे शेतकऱ्यानं किती पोती आणली ते. मी हीच उपमा वर्गात वापरली, आणि ज्यांच्या घरी खताची पोती येतात त्या सगळ्या पोरांना ती चटकन पटली. उपमेची मर्यादा मात्र सांगावी लागते. पोत्यावरचे आकडे नत्र, स्फुरद, पालाश यांचे वजनातले टक्के आहेत. सूत्रातले आकडे अणूंची मोजदाद आहेत. हे न सांगितल्यास पुढे रेणुवस्तुमान काढताना घोळ होतो.

दुसरी मर्यादा तिनंच शोधली. अॅल्युमिनिअम आणि ऑक्सिजनचं समीकरण चालू होतं. उजवीकडे एएल₂ओ₃, म्हणजे ऑक्सिजन तीन, डावीकडे तो दोन-दोननं येणार. ती म्हणाली, "अर्धं पोतं टाकतो ना आपण वावरात? मग दीड ओटू काहून नाही घ्यायचा?"

प्रश्न अतिशय चांगला होता आणि त्याला 'नाही चालत' म्हणून उडवून लावणं म्हणजे पाप. अर्धं पोतं खतच राहतं. ओ₂ चा अर्धा रेणू म्हणजे ऑक्सिजनचा एकटा अणू, तो ऑक्सिजन वायू नव्हे. ताटात पूर्ण रेणूच घ्यायचे ही अट म्हणूनच होती. पण अकरावी-बारावीत हेच समीकरण मोलच्या हिशोबानं वाचतात. तिथे अर्धा मोल म्हणजेसुद्धा रेणूंचा प्रचंड मोठा ढीग, त्यामुळे तिथे दीड लिहिलेलं चालतं आणि लिहितातही. दहावीला पूर्णांक हवेत, तेही लहानात लहान. मग दीडचे तीन करायला सगळ्यांना दोननं गुणायचं. हे तिनं लसावि म्हणून क्षणात ओळखलं:

४एएल + ३ओ₂ → २एएल₂ओ₃

गणितातली तिची ताकद इथे कामी आली. रेणू अभंग आहे हे पक्कं झाल्यावर बेरीज-गुणाकाराला योग्य जागा मिळाली.

मामाच्या भट्टीतला दगड

चुन्याची तीन समीकरणं मी मुद्दाम यानंतर घेतली. भट्टीत चुनखडी भाजतात, कळीचा चुना निघतो (सीए म्हणजे कॅल्शिअम):

सीएसीओ₃ → सीएओ + सीओ₂

कळीच्या चुन्यात पाणी टाकलं की तो खदखदतो, फुलतो, विरतो. घराला चुना द्यायच्या आधी हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं:

सीएओ + एच₂ओ → सीए(ओएच)₂

आणि भिंतीवरचा हा चुना हवेतला सीओ₂ घेत घेत पुन्हा चुनखडी होतो:

सीए(ओएच)₂ + सीओ₂ → सीएसीओ₃ + एच₂ओ

तिन्ही जशीच्या तशी संतुलित आहेत. अशी मुळातच संतुलित समीकरणं वहीत तिची बरोबर होती असं वर म्हटलं, पण आता विचारल्यावर ती गडबडली. 'संतुलित करा' म्हटलंय म्हणजे काहीतरी लावायलाच हवं, असं तिला वाटू लागलं. आधी मोजा, जुळत असेल तर हात लावू नका, हे सांगायला यापेक्षा चांगली समीकरणं नाहीत.

पण माझा हेतू वेगळा होता. पहिल्या समीकरणाला वजन लावलं. कॅल्शिअम ४०, कार्बन १२, ऑक्सिजन १६. म्हणजे शुद्ध चुनखडी १०० किलो भाजली तर कळीचा चुना ५६ किलो. तिला म्हटलं, मामांना विचार, भट्टीत टाकलेल्या दगडाइतकाच चुना वजनाला निघतो का. दुसऱ्या दिवशी ती उत्तर घेऊन आली: दगड भाजला की हलका होतो, हे तिथल्या प्रत्येक मजुराला ठाऊक आहे, उचलतानाच कळतं. "मग उरलेले ४४ किलो कुठे गेले?" तिनं समीकरणाकडे पाहिलं आणि सीओ₂ वर बोट ठेवलं. भट्टीच्या तोंडातून गेले. लव्हाझिएचा नियम तिला पाठ होता. भट्टीतल्या दगडाला तो लागू पडतो हे त्या दिवशी तिनं पाहिलं.

कंसातल्या मूलकांवर, म्हणजे ओएचसारख्या एकत्र राहणाऱ्या अणूंच्या गटांवर, फार वेळ गेला नाही. सीए(ओएच)₂ मध्ये ऑक्सिजन एक की दोन, हे हरभरे-वाटाण्यांनी दोन मिनिटांत मिटलं. सल्फेटसारखं मूलक दोन्हीकडे अख्खं दिसत असेल तर ते एकच समजून मोजायचं, ही युक्ती तिला सांगितली आणि ती तिनं उचलली.

आता कुठे आहे

घटक चाचणीत सूत्रं दिलेली समीकरणं होती, त्यांत एक तापलेल्या लोखंडावरून वाफ सोडण्याचं, जे तिच्या यादीत नव्हतं:

३एफई + ४एच₂ओ → एफई₃ओ₄ + ४एच₂

तिनं सुरुवात एफई₃ओ₄ पासून केली होती. मी कारण विचारलं तर म्हणाली, "सगळ्यात मोठा हाच. याचे आकडे तं पक्के, मग बाकीच्यांनी याच्या हिशोबानं यायचं." ही वाट तिला कोणी शिकवली नव्हती, आणि अनुभवी शिक्षकही बहुतेक तिथूनच सुरू करतात. दिलेल्या सूत्रांच्या एकाही समीकरणात तिनं पायातल्या आकड्याला हात लावला नाही.

अडचण दुसरीकडे निघाली. एक प्रश्न शब्दांत होता: कॅल्शिअम हायड्रॉक्साइड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांच्या अभिक्रियेचं संतुलित समीकरण लिहा. तिनं लिहिलं:

सीएओएच + एचसीएल → सीएसीएल + एच₂ओ

मोजून बघा. कॅल्शिअम एक-एक, ऑक्सिजन एक-एक, हायड्रोजन दोन-दोन, क्लोरिन एक-एक. तिनं मोजलं, जुळलं, म्हणून काहीही न लावता सोडून दिलं, अगदी चुन्याच्या समीकरणांवर शिकली तसं. चूक तिच्या संतुलनात नाहीच. सीएओएच आणि सीएसीएल असे पदार्थ त्या परीक्षानळीत नसतात, एवढंच. कॅल्शिअमची संयुजा, म्हणजे दुसऱ्या अणूंशी जोडलं जाण्याची क्षमता, दोन, म्हणून सीए(ओएच)₂ आणि सीएसीएल₂, आणि मग आम्ल दोन, पाणी दोन. सूत्राचे आकडे पक्के असतात हे ती शिकली. ते पक्के आकडे येतात कुठून, हे आठवी-नववीचं काम अजून कच्चं आहे, आणि 'समीकरणं जमत नाहीत' या एका वाक्याखाली ते आजवर झाकलं गेलं होतं. बोर्डात अशा उत्तराला गुण मिळणार नाहीत. मी चाचणीत संतुलनाचा अर्धा गुण दिला आणि शेजारी कारण लिहिलं.

सध्या शाळा सुटल्यावर थोडा वेळ संयुजेवरच बसतो. साहित्य तेच, फक्त काड्या आता ठरलेल्या: हरभऱ्याला एक, वाटाण्याला दोन, कॅल्शिअमच्या मातीच्या गोळीला दोन, अॅल्युमिनिअमच्या गोळीला तीन. एकही काडी रिकामी राहू न देता जे बनेल त्याचं सूत्र लिहायचं. कॅल्शिअम ऑक्साइडसारख्या आयनिक संयुगांत असे सुटे रेणू आणि अशा काड्या प्रत्यक्षात नसतात, तिथे प्रभारांचा हिशोब असतो, हे तिला सांगून ठेवलं आहे. सूत्र लिहिण्यापुरतं ते चालतं, आणि अॅल्युमिनिअम ऑक्साइडच्या तीन-दोनच्या गाठीशी ती परत लसाविनंच भिडते आहे.